बंद नळीतला धूर

सकाळी सहाला आत्याचा फोन आला तेव्हा वेमुना हँगरच्या दारात उभा राहून खिमा भरलेला तळलेला पाव, फेटकुक, खात होता. बाहेर धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचं विमान नुसतं काळपट दिसत होतं. वॉल्व्हिस बे या बंदराच्या गावाला हे रोजचंच. समुद्रावरून धुकं येतं, मासळीच्या कारखान्यांचा वास सोबत आणतं आणि उन्हं चढेपर्यंत गावावर ठाण मांडून बसतं.

“तुझे ताते पाणीसुद्धा घेत नाहीयेत रे,” आत्या म्हणाली. “सारखे दाराकडे बघतायत. आज ये. उद्या नको, आज.”

“दुपारी उतरलो की लगेच निघतो, आत्या.”

“उतरलो म्हणजे? परत वर चाललायस? तिथं वर काय ठेवलंय तुझ्या बापानं?”

“काम आहे.”

“इथंही कामच आहे.” मागे बकऱ्या ओरडत होत्या. “चार दिवस विस्तव मी राखतेय. पण माझी नुसती राखण. घ्यायचा तुलाच आहे. हे मी तुला सांगायला पाहिजे का?”

सांगायला नको होतं. उत्तरेला, ओपुवो गावाच्या पलीकडे, वडिलांची झोपडी आणि गुरांचा गोठा यांच्या मधोमध तो विस्तव जळत होता. मोपानेच्या ओंडक्यांचा, लहानसा, दिसायला अगदी गरीब. हेरेरो लोक त्याला ओकुरुवो म्हणतात. घराण्यातले मेलेले त्याच्याभोवती येऊन बसतात आणि घरातला कर्ता त्यांना रोज नावानिशी हाका मारून घरातलं बरंवाईट सांगतो. विस्तव विझू द्यायचा नाही आणि राखणाऱ्यानं तो सोडून जायचं नाही. वेमुनाच्या घराण्यात तो द्यायची रीत साधी होती. मरणारा म्हणायचा, “हे घे.” घेणारा म्हणायचा, “घेतलं.” झालं. त्यानंतर घेणारा आयुष्यभर त्या अंगणाला जखडला.

वेमुनाच्या वडिलांनी, तातेंनी, एकेचाळीस वर्षांत गावाबाहेर एकही रात्र काढली नव्हती. वेमुना शिकला तेव्हा पदवी घेताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी वेमुनाला उडायची काहीच गरज नव्हती. विमानातलं धूर मोजायचं मशीन चालवणारा दुसरा माणूस होता. पेट्रुस होता, घरी होता, बोलावलं असतं तर धावत आला असता. वेमुनानं त्याला फोन केला नाही. उत्तरेला जायला नऊ तास लागतात. दुपारी तीनला निघालं तर मध्यरात्र होणार. तोवर ताते गेलेले असतील, विस्तव घ्यायचा राहून जाईल, आणि त्यात कोणाचाच दोष नसेल. हा विचार त्यानं मनात पुरता उमटू दिला नाही, पण पेट्रुसलाही फोन केला नाही. फेटकुक संपवला, हात पुसले आणि विमानात जाऊन बसला.

विमान लहान होतं, दोन पंख्यांचं. पुढे ऊम गावी आणि त्यांची सहवैमानिक. गावी हे नाव, ऊम म्हणजे काका. पांढऱ्या दाढीच्या त्या गृहस्थाला सगळा विमानतळ ऊमच म्हणायचा. मागे वेमुना आपल्या मशीनपाशी आणि त्याच्यासमोर डॉक्टर अ‍ॅनेली. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, हवेच्या. त्यांच्या पाठीमागे शेपटीपर्यंत चार रिकाम्या खुर्च्या.

काम असं होतं. त्या दिवसांत वरच्या मुलखात शेतकरी रानं जाळतात. तो धूर वाऱ्यावर समुद्राकडे जातो आणि तिथल्या पांढऱ्या ढगांच्या वर तरंगत राहतो. उपग्रह हे सगळं आकाशातून बघतो, पण वरून बघणाऱ्याला खालच्या ढगाच्या पांढरेपणात धूर किती, हे नीट उमगत नाही. तो अंदाज सांगतो. तो अंदाज खरा की खोटा, हे बघायला माणसांनी त्याच जागी, त्याच मिनिटाला विमान घेऊन जायचं. त्या दिवशी उपग्रह एक वाजून बत्तीस मिनिटांनी डोक्यावरून जाणार होता.

“वेमुना, तोंड का असं?” हेडफोनमध्ये ऊम गावींचा आवाज आला. “बायको सोडून गेली काय?”

“आधी लग्न तर होऊ द्या, ऊम.”

“मग आईनं मुलगी बघितली असणार. त्याशिवाय माणूस असा दिसत नाही.”

डॉक्टर हसल्या. वेमुनाही हसला. समुद्रावर तीस किलोमीटर आत गेल्यावर मोबाइलची शेवटची काडीही गेली, आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

आधी ते धुराच्या वर गेले, मग गोल गोल फिरत धुरातून खाली आले. खिडकीबाहेरचं निळं आकाश मातकट होत गेलं. सूर्य तांबडा झाला. मशीनवरचे आकडे चढले, बरोबर तेवढेच चढले जेवढे चढायला हवेत. डॉक्टर एकेक उंची सांगत होत्या आणि वेमुना प्रत्येक वेळी हेडफोनमध्ये उत्तर देत होता. हा त्यांचा शिरस्ता होता. पंख्यांच्या गोंगाटात ऐकलं की नाही हे कळत नाही, म्हणून कोणीही काही सांगितलं की ऐकणाऱ्यानं ताबडतोब एक शब्द परत द्यायचा: घेतलं. दिवसातून दोनशे वेळा. वेमुना झोपेतसुद्धा तो शब्द बोलायचा, असं पेट्रुस म्हणे.

“तीन हजार मीटर.”

“घेतलं.”

“दोन हजार.”

“घेतलं.”

मग धूर संपला. ते मोकळ्या पट्ट्यात उतरले. ही जागा चमत्कारिक असते. वर धुराचं तपकिरी छत, खाली ढगांची पांढरी जमीन, क्षितिजापर्यंत सपाट, आणि मध्ये काहीशे मीटरची स्वच्छ हवा. भर दुपारचा प्रकाश दोन्हीकडून येतो आणि कुठेच सावली पडत नाही. वर जायला वाट दिसत नाही, खाली जायलाही दिसत नाही. वेमुनाला ही जागा कधीच आवडली नव्हती. बसल्या जागी खांदे आक्रसून यायचे.

“एक सव्वीस,” डॉक्टर म्हणाल्या. “वेमुना, झीरो घे.”

“घेतलं.”

झीरो घेणं म्हणजे बाहेरच्या हवेची नळी बंद करायची आणि मशीनला फिल्टरमधून गाळलेली, एकही कण नसलेली हवा द्यायची. आकडा शून्यावर यायला हवा. आला नाही तर मशीन खोटं बोलतंय. वेमुनानं व्हॉल्व्ह फिरवला. आकडा उतरत गेला. सात, तीन, एक, शून्य.

मग परत एक झाला.

त्यानं व्हॉल्व्हवर बोट दाबून बघितलं. पक्का बंद. चार. नऊ. जरा खाली आला, पाच. परत वर, बारा. नळीत बाहेरची हवा येत नव्हती आणि धूर येत होता.

तेवढ्यात त्याला वास आला. डॉक्टरांना येत नव्हता, कारण त्या निवांत टिपण करत होत्या. रानं जळाल्याचा वास त्याच्या ओळखीचा होता, तो वेगळा, गवताचा, उग्र. हा मंद होता, गोडसर, जुन्या लाकडाचा. मोपानेचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं की यायचा तो.

“एक एकतीस,” डॉक्टर म्हणाल्या.

“घेतलं.”

हेडफोनमध्ये खरखर झाली. मग कोणीतरी घसा साफ केला. सावकाश, म्हाताऱ्या माणसानं करावा तसा.

“वेमुना... हे घे.”

“घेतलं,” वेमुना म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग कानांनी ऐकलेलं डोक्यापर्यंत पोचलं. ते डॉक्टरांच्या भाषेत नव्हतं. त्याच्या भाषेत होतं. आणि त्यानंही उत्तर त्याच भाषेत दिलं होतं.

डॉक्टरांनी मान वर केली. “काय म्हणालास?”

“तुम्ही... तुम्ही काही बोललात ना आत्ता?”

“मी? नाही.”

“ऊम, तुम्ही?”

“मी कशाला बोलू? मी विमान चालवतोय.”

“एक बत्तीस,” डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाल्या. “आला बघ डोक्यावर. व्हॉल्व्ह उघड.”

वेमुनानं तो उघडला, पण आकड्यात काही फरक पडला नाही. तो चढत होता, उतरत होता. चढत होता, उतरत होता. बऱ्याच वेळानं वेमुनाच्या लक्षात आलं की हा ठेका आपल्याला माहीत आहे. त्यानं श्वास रोखला. आकडा खाली आला. शून्य. छाती फुटायची वेळ आली तेव्हा त्यानं श्वास सोडला, आणि आकडा तीसवर गेला.

पुढचा तास त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. मशीनपासून दूर जायचं म्हटलं तरी दूर म्हणजे किती, दोन हात. छत डोक्याला लागत होतं, गुडघे समोरच्या पेटीला लागत होते, पट्टा पोटात रुतत होता. आणि गुडघ्यांना ऊब लागत होती. विमानात गारठा होता, डॉक्टरांनी जाकिटाची टोपी ओढून घेतली होती, आणि वेमुनाच्या मात्र गुडघ्यांना, हनुवटीला, पापण्यांना ऊब लागत होती, चुलीपाशी उकिडवं बसल्यावर लागते तशी.

“ऊम,” त्यानं विचारलं, “किती वेळ अजून?”

“तुला घाई कसली? खाली धुकं परत आलंय. विमानतळ बंद. अर्धा तास इथंच घिरट्या घालू, नाहीतर विंडहुकला जाऊ.”

“मला खाली उतरायचंय.”

“मलाही उतरायचंय, माझ्या लेकरा. दार उघडून देऊ का?”

कोणी हसलं नाही. वेमुनाच्या आवाजात काहीतरी होतं. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग आपल्याच तळव्याकडे बघत राहिल्या.

सव्वातीनला धुक्यात भगदाड पडलं आणि ऊम गावींनी त्यातून विमान खाली घातलं. चाकं टेकताच वेमुनाचा फोन वाजू लागला. सोळा वेळा येऊन गेलेला आत्याचा नंबर सतराव्या वेळी वाजत होता.

“गेले,” आत्या म्हणाली. ती रडत नव्हती. “दीडच्या सुमाराला. तुझं नाव घेतलं, हे घे म्हणाले, आणि कान देऊन बसले. मग हसले रे. म्हणाले, घेतलं त्यानं. आणि मान टाकली.”

वेमुनानं पोटावरचा पट्टा सोडवला.

“आणि वेमुना... विस्तव विझलाय. विझला म्हणजे... राखेत हात घातला मी. थंडगार. महिनाभर कोणी पेटवलाच नसावा अशी राख. नेलास कुठं?”

वेमुना उत्तरेला गेला. नऊ तास गाडी हाकून गेला, वडिलांना माती दिली, मुंडण केलं, आलेल्या-गेलेल्यांच्या पाया पडला. अंगणात मधोमध राखेचा काळा गोल तसाच होता. भाऊबंदांनी तीनदा नवा विस्तव पेटवून बघितला. वाळलेलं मोपाने, त्यावर रॉकेलही ओतलं. काडी लागायची आणि लागलेली काडी विझायची. शेवटी म्हाताऱ्यांनी हात टेकले. ते वेमुनाकडे बघत, मग एकमेकांकडे बघत. आणि एक गोष्ट वेमुनाच्या नजरेतून सुटली नाही. तो जिथं बसेल तिथं, त्याच्या डाव्या हाताला, म्हातारी माणसं थोडी जागा मोकळी सोडून बसत होती.

निघताना त्यानं आत्याला गाठलं.

“आत्या, मला हे नको होतं. मी चुकून बोललो ग. कामाची सवय म्हणून तोंडातून गेलं.”

“माहीत आहे मला.”

“मग परत कसं देऊ? तुला देतो. कोणाला सांग, त्याला देतो.”

आत्यानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले. “देणारा मरतानाच देतो रे, बाळा. त्याच्याआधी कसा देशील?” मग झग्याचा काठ चाचपत, हळूच म्हणाली, “आणि एक सांगू? ते सगळे इथंच बसायचे, विस्तवाशी. तुझा आजा, त्याचा बाप, सगळी मंडळी. ताते गेल्यापासून अंगण रिकामं आहे. मला कळतं ना, इतकी वर्षं काढली मी इथं. इथं आता कोणी नाही.”

वेमुनानं मागे वळून न बघता गाडी सुरू केली. गाडीत मोपानेचा वास होता.

कामावर परतला त्या दिवशी डॉक्टर अ‍ॅनेली त्याची वाटच बघत होत्या. त्यांनी आधी सांत्वन केलं, मनापासून केलं, कॉफी करून दिली. मग राहवलं नाही म्हणून त्याला संगणकासमोर बसवलं.

“हे बघ. उपग्रहाचे आकडे आणि आपले आकडे. सगळीकडे छान जुळतायत. फक्त एक जागा सोडून. त्या मोकळ्या पट्ट्यात आपण होतो ना, एक बत्तीसला? तिथं धूर नसायला पाहिजे. तुझं मशीन धूर दाखवतंय. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, पण उपग्रहही दाखवतोय. नेमका तेवढाच ठिपका.”

“मशीनच बिघडलं होतं,” वेमुना म्हणाला.

“मग उपग्रह का दाखवेल? ऐक पुढे. मी नंतरचे दिवस काढून बघितले.” त्या एकेक चित्र पुढे सरकवू लागल्या. “दुसऱ्या दिवशी ठिपका समुद्रावर नाही. पार उत्तरेला, ओपुवोच्या बाजूला. तिथंच चार दिवस, तसूभर हलला नाही. वारा एवढा होता तरी. काल खाली आला. आणि हा आजचा.” त्यांनी बोट टेकवलं. धुक्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर, किनाऱ्याला लागून, विमानतळाच्या जागी एक तपकिरी ठिपका होता. “पण मला एक कळत नाही. पहिल्या दिवशी एवढासा होता. रोज थोडा मोठा होतोय.”

वेमुनानं चित्राकडे बघितलं. त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं, या भल्या बाईशी तर नक्कीच, पण सांगायला गेलं तर सुरुवात कुठून करायची?

“उपग्रहात दोष असणार,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच परवानगी काढलीय. उद्या परत उडू. पुन्हा त्याच पट्ट्यात, त्याच वेळेला. एकदा निकाल लागू दे.”

“पेट्रुसला घ्या ना. मला... माझं सुतक आहे.”

“पेट्रुस दवाखान्यात आहे, तुला कळलं नाही का? तू नव्हतास तेव्हा मशीन साफ करत होता. दोन्ही हात भाजले बिचाऱ्याचे. थंड मशीन होतं म्हणे.”

दुसऱ्या दिवशी अकराला धुकं उठलं. वेमुनानं पट्टा आवळला. समोर डॉक्टर, पुढे ऊम गावी आणि त्यांची सहवैमानिक. दारं बंद झाली. पंखे फिरू लागले, विमान धावपट्टीवर धावू लागलं, आणि नेहमीच्या जागी नाक उचललं गेलं. मग ते उचलतच गेलं. पंखे ओरडू लागले. हेडफोनमध्ये ऊम गावींनी एक शिवी हासडली.

“मागे काय चाललंय?” ते ओरडले. “सगळे शेपटीत जाऊन का बसलाय? पुढे या!”

“आम्ही जागेवरच आहोत, ऊम,” डॉक्टर म्हणाल्या. “आम्ही दोघंच आहोत.”

“दोघं? मग शेपूट एवढी जड कशी? पेट्या हलल्या का बघा!”

पेट्या हलल्या नव्हत्या. वेमुनानं बघितलं नाही, पण त्याला माहीत होतं. वास आता अंगावर येत होता. गुडघे भाजत होते. आणि मग शेपूट हळूहळू हलकी झाली, नाक खाली आलं, विमान सरळ झालं.

“हां... असं,” ऊम गावी घाम पुसत म्हणाले. “आले वाटतं पुढे. कोण होतं मागे?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या, ढगांची पांढरी जमीन जवळ येताना निरखत होत्या. बघता बघता त्यांनी, मनातही न येता, बसमध्ये आपण घेतो तसे पाय आत घेतले. कोणाला तरी वाट करून दिली. थोडं थांबून परत घेतले. मग तिसऱ्यांदा.

वेमुनानं डोळे मिटले आणि डाव्या हाताला जागा सोडत जरा सरकून बसला.